काटेरी शिंपला हातात आला, आता पुढे काय? जात ओळखण्यापासून वर्णन लिहिण्यापर्यंत

कोकणातून परतणाऱ्या पुणेकराच्या पिशवीत कोकम आगळ, आंबापोळी आणि चार शिंपले असतातच. त्यातला एखादा काटेरी निघाला की त्याचा फोटो ग्रुपवर पडतो आणि खाली कुणीतरी छातीठोकपणे लिहितं, "ही नवीन जात दिसतेय." असे फोटो माझ्याकडे सारखे येतात. प्रत्येकाला तेच तेच उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एकदाच नीट लिहून ठेवतो. प्राणिशास्त्राची पदवी नसली तरी हे जमतं. भिंग, वही आणि चिकाटी मात्र हवी.

लेख मुख्यतः स्पाँडिलस या प्रजातीबद्दल, म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटाबद्दल आहे. व्यवहारात त्याला काटेरी कालव म्हटलं जात असलं, तरी कालवाशी त्याचं नातं दूरचं आहे. त्याचं कूळ स्कॅलप या पंख्याच्या आकाराच्या शिंपल्याच्या शेजारचं. प्रावाराच्या, म्हणजे कवचाच्या आतल्या मांसल पडद्याच्या, कडेला स्कॅलपसारखेच बारीक डोळेही असतात. लिनियसने १७५८ साली ही प्रजाती नोंदवली आणि भूमध्य समुद्रातली स्पाँडिलस गेडेरोपस ही तिची नमुनाजात, म्हणजे प्रजातीच्या नावाला आधार असलेली जात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण निम्मे लोक तिथेच घसरतात. काट्यांवरून जात ठरवायची नाही. काटे बघायचे, पण सगळ्यात शेवटी. का, ते पाचव्या पायरीत.

१. हा स्पाँडिलसच आहे ना?

काटे किंवा काट्यांसारखे पापुद्रे असलेले दोन झडपांचे प्राणी बरेच आहेत. त्यामुळे शिंपला उलटा करा आणि आतली बाजू बघा. तीन गोष्टी तपासायच्या: बिजागरी, स्नायूची खूण आणि कोणती झडप दगडाला चिकटलेली होती ते.

स्पाँडिलसची बिजागरी एकदा पाहिली की पुन्हा चुकत नाही. प्रत्येक झडपेत दोन ठसठशीत दात आणि त्यांच्या शेजारी दोन खोबणी असतात. एका झडपेचे दात दुसरीच्या खोबणीत गच्च बसतात आणि मधोमध अस्थिबंधाचा, म्हणजे झडपा जोडणाऱ्या लवचिक पट्टीचा, काळपट खड्डा असतो. ही जोडणी इतकी घट्ट असते की झडपा उघडतात, पण दात मोडल्याशिवाय सहसा वेगळ्या होत नाहीत. जोडी शाबूत असेल तर ओढाताण करू नका. बॅटरी मारून फटीतून बघा, तेवढं पुरतं.

स्नायूची खूण एकच असते आणि ती मधोमध नसून थोडी एका बाजूला असते. बिजागरी वर आणि आतली बाजू तुमच्याकडे अशी झडप धरा. खूण उजवीकडे झुकलेली असेल तर ती उजवी झडप, डावीकडे असेल तर डावी. स्पाँडिलस उजव्या झडपेने खडकाला चिकटतो. बिजागरीजवळ मोठा सपाट त्रिकोण असतो तोही याच झडपेवर.

आता फसवणारी मंडळी:

*साकोस्ट्रिया*, म्हणजे आपल्या कोकणच्या कातळावरची कालवं. तरुण कालवावर कधीकधी काळपट, नळीसारखे काटे असतात आणि नवखा माणूस हमखास फसतो. कालवाला बिजागरीचे दात नसतात, कडेला फक्त बारीक दाणे असतात. शिवाय कालव डाव्या झडपेने चिकटतं.

*कॅमा*. हाही खडकाला चिकटतो, पापुद्रेही सुंदर असतात आणि दुकानात त्याला सर्रास स्पाँडिलस म्हणून खपवतात. आत स्नायूच्या दोन खुणा दिसल्या की विषय संपला. शिवाय कॅमाचं टोक एका बाजूला मुरडलेलं असतं आणि स्पाँडिलसच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना असतात तसे छोटे कान त्याला नसतात.

*हायोटिसा*. आकाराने मोठा, कडा नागमोडी, घड्यांवर नळीसारखे खवले. मोडलेल्या कडेवर भिंग धरा. कवच फेसाळ, बुडबुडे गोठल्यासारखं दिसलं तर तो हायोटिसा.

*पिन्ना* आणि *अॅट्रिना* लांबट त्रिकोणी, पातळ कवचाचे असतात आणि वाळूत टोक रोवून उभे राहतात. यांची गल्लत व्हायचं खरं तर कारण नाही, पण होते.

*ट्रायडॅक्ना*च्या, म्हणजे महाकाय शिंपल्याच्या, एका जातीवर मोठे खवले असतात. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणून ओळखून ठेवा आणि हात लावू नका.

२. नमुना कुठून आणायचा?

पुण्याला समुद्र नाही, त्यामुळे प्रत्येक फेरीचा हिशोब आधी करावा लागतो. ताम्हिणी उतरून दिवेआगर-हरिहरेश्वर गाठायचं आणि तिथे पोचल्यावर समोर भरती लागलेली बघायची, यासारखा वैताग नाही. कोकणातला जुना हिशोब वापरा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी साधारण नऊला. अमावस्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे. भरती मोठी, तशी सुकतीही मोठी, आणि पाणी सगळ्यात खाली जातं ते सकाळ-संध्याकाळी साडेपाच ते साडेसातच्या दरम्यान. म्हणून एक तर आदल्या दिवशी मुक्कामाला जा किंवा मध्यरात्री निघा. जायच्या आधी छापील भरती-ओहोटीचं कोष्टकही बघा, कारण तिथीचा हिशोब फक्त अंदाजापुरता.

तरीही आपल्या किनाऱ्यावर ओहोटीत उघड्या पडणाऱ्या कातळावर मुख्यतः कालवंच मिळतील. स्पाँडिलस बहुधा त्याखालच्या, कायम पाण्यात असणाऱ्या खडकांवर आणि प्रवाळावर राहतो. लाटेबरोबर किनाऱ्यावर येते ती सुटी, झिजलेली झडप. चांगला नमुना हवा असेल तर बंदरावर जा. ट्रॉलरच्या जाळ्यातून मासळीबरोबर दगड, शिंपले, प्रवाळाचे तुकडे येतात आणि ते फेकून दिले जातात. तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या प्रमुखाशी, दोन शब्द बोला. "किती वाव पाण्यात जाळं होतं? कुठल्या बाजूला?" हे दोन प्रश्न विचारायचेच. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट. तांडेलाला आपली जागा नेमकी ठाऊक असते आणि बहुतेक जण आनंदाने सांगतात, फक्त मासळी उतरवण्याच्या घाईत त्यांना गाठू नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात बंदरावर जाऊन काही मिळणार नाही.

कायद्याचं एवढं सांभाळा:

- मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. त्याच्या हद्दीत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही, मेलेला शिंपलासुद्धा नाही.
- वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूच्या २०२२च्या दुरुस्तीत नव्याने मांडल्या गेल्या. इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या याद्यांवर विसंबू नका, सध्याची अनुसूची उघडून बघा.
- जिवंत प्रवाळावर चिकटलेला शिंपला सोडून द्या. प्रवाळ संरक्षित आहे, आणि शिंपला काढताना प्रवाळ मोडणारच.
- नमुना परदेशातल्या तज्ज्ञाला पाठवायचा विचार असेल तर २००२चा जैवविविधता कायदा लागू होतो. पाकीट पोस्टात टाकण्याआधी संस्थेमार्फत चौकशी करा.

आता विकतच्या शिंपल्यांबद्दल. जुन्या बाजारात, किनाऱ्यावरच्या दुकानांत देखणे काटेरी शिंपले मिळतात. शोकेससाठी खुशाल घ्या. अभ्यासाला त्यांचा उपयोग नाही, कारण ते कुठल्या समुद्रातून आले ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. बाहेरच्या देशातून आलेला माल कोकणातल्या टपरीवर "इथलाच आहे" म्हणून मिळतो. त्यात काटे चिकटवलेलेही असतात. काट्याच्या बुडाशी भिंग धरलं की गोंदाची चकाकी दिसते, काट्याची रेषा आणि बरगडीची, म्हणजे कवचावरच्या उंच रेघेची, रेषा जुळत नाही. तेल लावून रंग खुलवणं तर नेहमीचंच.

३. जवळ काय काय हवं?

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. यात काटकसर नको.
- व्हर्नियर कॅलिपर. पुण्यात बोहरी आळीत साधा मिळतो, डिजिटलच हवा असं नाही.
- मऊ टूथब्रश, दातकोरणी, लाकडी काड्या.
- मिलिमीटरची पट्टी, फोटोत ठेवण्यासाठी.
- काळं, न चमकणारं कापड.
- आखीव नसलेली जाड पानांची वही आणि पाण्याने न फुटणारी शाई. पेन्सिलही चालते, बॉलपेन नको.
- झाकणाच्या प्लास्टिक डब्या आणि कापूस.

प्राण्याचं मांस डीएनएसाठी राखायचं असेल तर ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल लागतं. ते दुकानात सहज मिळत नाही, त्याला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. ओळखीच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विचारा. फॉर्मलिन अजिबात वापरू नका. त्याने डीएनए खराब होतो आणि आम्लतेमुळे कवचही हळूहळू खाल्लं जातं.

४. धुणं आणि चिठ्ठी

धुण्याआधी फोटो. स्पाँडिलसच्या अंगावर स्पंज, शेवाळ, नळीतले किडे असा सगळा संसार असतो आणि तीही माहितीच आहे. मग गोड्या पाण्यात दिवसभर भिजवा, ब्रशने हलक्या हाताने घासा. फार घट्ट बसलेलं असेल तर पाण्यात थोडं ब्लीच घालून थोडा वेळ ठेवा आणि सारखं लक्ष ठेवा. व्हिनेगर किंवा शौचालय स्वच्छ करायचं आम्ल कुणी सुचवलं तर ऐकू नका. कवच चुन्याचं आहे, बारीक नक्षी आधी जाते आणि आपल्याला नेमकी तीच बघायची असते.

चिठ्ठी त्याच दिवशी लिहायची. "नंतर लिहू" म्हणून ठेवलेल्या शिंपल्यांनी किती कपाटं भरली असतील कुणास ठाऊक. चिठ्ठीशिवायचा नमुना कितीही देखणा असला तरी तो वर्णनाला वापरता येत नाही. मजकूर साधारण असा:

*रत्नागिरी, मिरकरवाडा बंदर. ट्रॉलरच्या जाळ्यातून, तांडेलाच्या सांगण्यानुसार बंदराच्या नैऋत्येला, सुमारे १८ वाव पाण्यात. दगडाला चिकटलेला, मेलेला, दोन्ही झडपा जोडलेल्या. तारीख. गोळा करणाऱ्याचं नाव. वहीतला क्रमांक.*

"सांगण्यानुसार" हा शब्द गाळू नका. तुम्ही स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं राहिलं पाहिजे.

साठवण्याबद्दल एक इशारा. शिंपले प्लायवूडच्या किंवा एमडीएफच्या बंद कपाटात ठेवू नका. लाकडातून आणि त्याच्या गोंदातून आम्लाची वाफ निघते, पावसाळ्यातल्या दमट हवेत ती कवचावर काम करते आणि काही महिन्यांत पांढरी पूड साचायला लागते. संग्राहक याला बाइनचा रोग म्हणतात. स्टीलचं कपाट आणि प्लास्टिकच्या डब्या, एवढं पुरतं.

५. बघायचं काय आणि कुठल्या क्रमाने?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एका नमुन्याला एक संध्याकाळ गेली तरी चालेल.

आधी मोजमापं. उंची म्हणजे बिजागरीजवळच्या टोकापासून समोरच्या कडेपर्यंत, लांबी म्हणजे त्याला काटकोनात, आणि जाडी दोन्ही झडपा मिटलेल्या असताना. तिन्ही काटे वगळून घ्या आणि वहीत तसं लिहा. काटे धरून मोजलेली मापं दुसऱ्या कुणाच्या मापांशी ताडून बघता येत नाहीत.

मग आतली बाजू. बिजागरीच्या त्रिकोणाची उंची आणि रुंदी, त्याचं टोक सरळ आहे की एका बाजूला कललेलं. दातांचा रंग, कारण काही जातींत बिजागरीभोवती तपकिरी छटा असते. स्नायूच्या खुणेचा आकार आणि जागा. आतली कड दातेरी आहे की गुळगुळीत, आणि कडेचा रंगीत पट्टा किती रुंद आहे. आतलं कवच चिनी मातीच्या भांड्यासारखं पांढरं असतं. मोत्यासारखी इंद्रधनुषी चमक दिसली तर पहिल्या पायरीवर परत जा, तो स्पाँडिलस नव्हे.

मग बाहेरून, वरची म्हणजे डावी झडप. बघायची सुरुवात बिजागरीजवळच्या टोकापासून करा, कारण प्राण्याचं बालपण तिथे जपलेलं असतं. पहिल्या काही मिलिमीटरमधली नक्षी काट्यांपेक्षा जास्त भरवशाची असते. अडचण एवढीच की बऱ्याच नमुन्यांत तोच भाग झिजलेला असतो. शाबूत असेल तर भिंगाखाली रेखाटन काढा, येत नसलं तरी काढा. फोटोत जे निसटतं ते काढताना डोळ्याला दिसतं.

मग बरगड्या मोजा. टोकापासून कडेकडे पसरणाऱ्या मुख्य बरगड्या किती, म्हणजे ज्यांवर मोठे काटे आहेत त्या. दोन मुख्य बरगड्यांच्या मध्ये बारीक बरगड्या किती आणि त्या सारख्या आहेत की कमी-जास्त. मोजणी कडेजवळ केली की मध्यावर, तेही लिहा, कारण शिंपला वाढतो तशा मधल्या बरगड्याही वाढतात.

आणि आता काटे. एकाच जातीचे दोन शिंपले, एक लाटांच्या माऱ्यात वाढलेला आणि एक खोल शांत पाण्यात, शेजारी ठेवले तर नवखा माणूस शपथेवर सांगेल की या दोन जाती आहेत. पहिल्याचे काटे आखूड, बोथट. दुसऱ्याचे लांब, नाजूक. दाटीवाटीत वाढलेल्याचा आकारच वाकडा, खडकाच्या फटीत वाढलेला फटीच्या आकाराचा. वय झालं की टोकाकडचे काटे मोडून जातात. खालच्या झडपेवर तर चिकटण्यासाठी काट्यांऐवजी पापुद्रे वाढतात, म्हणजे एकाच प्राण्याच्या दोन झडपा दोन वेगळ्या जातींच्या वाटाव्यात. रंगाचंही तेच. एकाच जातीत पांढरा, पिवळा, नारिंगी, जांभळट असे सगळे सापडू शकतात, आणि उन्हात पडलेली झडप पांढरी पडते ती गोष्ट वेगळीच.

मग काट्यांत बघायचं काय? लांबी नाही, घडण. टोकदार, जिभेसारखा की चमच्यासारखा रुंद? टोक दुभंगलेलं आहे का? खालच्या अंगाला पन्हळ आहे की काटा गोल, भरीव आहे? मुख्य बरगडीवरचे आणि मधल्या बरगडीवरचे काटे एकाच घडणीचे आहेत का? या गोष्टी पाण्याच्या जोराने तितक्या बदलत नाहीत. शक्य असेल तर एकाच जागेचे पाच-सहा नमुने शेजारी ठेवून बघा. एकच नमुना असेल तर त्यातलं जातीचं काय आणि त्या एका जीवाचं काय, हे सांगता येत नाही.

फोटो ठरावीक सहा: दोन्ही झडपा बाहेरून, दोन्ही आतून, मिटलेला शिंपला बाजूने आणि बिजागरी जवळून. उजेड डावीकडून वरून, पट्टी प्रत्येक फोटोत. मोबाइल पुरतो, फ्लॅश मात्र बंद.

६. नाव शोधणं

मोलस्काबेस हा मृदुकाय प्राण्यांच्या नावांचा ऑनलाइन कोश फुकट आहे. तिथे कुठलं नाव सध्या ग्राह्य आणि कुठलं जुनं, ते कळतं. स्पाँडिलसच्या बाबतीत जुन्या नावांचा डोंगर आहे, कारण एकोणिसाव्या शतकात काट्यांची लांबी आणि रंग बघून भराभर नावं दिली गेली. म्हणजे वर सांगितलेला सापळा नवख्यांपुरता नाही, मोठमोठे त्यात अडकलेत. मूळ वर्णनं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात बहुतेक सापडतात. ती लॅटिन किंवा जुन्या इंग्रजीत, तीन-चार ओळींची असतात. सोबतचं चित्र मात्र बघाच.

नावाच्या मागचा कर्ता आणि साल वाचायला शिका. *स्पाँडिलस रेजियस लिनियस, १७५८* याला कंस नाही, म्हणजे लिनियसने ती जात याच प्रजातीत टाकली होती आणि ती तिथेच आहे. *हायोटिसा हायोटिस* नंतरचं (लिनियस, १७५८) कंसात असतं, कारण त्याने ती वेगळ्या प्रजातीत टाकली होती आणि नंतर हलवली गेली. हा कंस हौस म्हणून घालायचा किंवा काढायचा नसतो.

आयनॅचरलिस्टसारख्या अॅपवर फोटो टाकायला हरकत नाही, पण तिथलं उत्तर सुरुवात म्हणून घ्या. अॅप काटे बघतं आणि तुम्हाला आता ठाऊक आहे की काटे काय करतात.

जात ठरत नसेल तर "स्पाँडिलस एसपी." लिहा. एखाद्या जातीशी जुळतंय पण खात्री नाही, तर त्या नावाआधी "सीएफ." घाला. त्यात कमीपणा काही नाही. खात्री नसताना ठोकून दिलेलं नाव पुढे यादीत जातं, यादीतून दुसऱ्या यादीत जातं, आणि ते उपटायला पुढच्या माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

७. पुण्यात कुणाकडे जायचं?

समुद्र नसला तरी या बाबतीत पुणं नशीबवान आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण, म्हणजे झेडएसआयचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीला आहे. लोणावळा लोकलने आकुर्डी स्टेशनला उतरलं की रावेत रस्त्यावर. केंद्र सरकारचं कार्यालय आहे, शनिवार-रविवार बंद. आधी ईमेल करा आणि मेलमध्ये सहा फोटो, मोजमापं आणि चिठ्ठीचा मजकूर जोडा. "सर, हा कुठला शिंपला?" एवढ्या एका ओळीला उत्तर येत नाही, आणि न येण्यात त्यांचं काही चुकत नाही. भेट ठरली तर नमुना, वही आणि तुम्ही काढलेला निष्कर्ष घेऊन जा. चुकीचा का असेना, स्वतःचा निष्कर्ष घेऊन आलेल्या माणसाला तज्ज्ञ वेगळ्या नजरेने बघतात.

कच्छसारख्या ठिकाणचा जीवाश्म असेल तर आघारकर संशोधन संस्थेतल्या पुराजीवशास्त्राच्या लोकांशी बोला. पुण्याच्या आसपास समुद्री जीवाश्म शोधू नका, आपल्या पायाखाली लाव्हाचा बेसाल्ट आहे. उत्खननात शिंपल्याचा मणी किंवा बांगडी सापडली असेल तर डेक्कन कॉलेज. स्पाँडिलसला तसा इतिहासही मोठा आहे. नवाश्मयुगीन युरोपात एजियनकडच्या स्पाँडिलसचे दागिने समुद्रापासून शेकडो मैल आत पोचत होते, आणि दक्षिण अमेरिकेत अँडीजमधले लोक तांबड्या स्पाँडिलसला मुल्लू म्हणत आणि देवाला वाहत.

८. वर्णन लिहिणं

जात जुनीच निघाली तरी वर्णन लिहा. आपल्या किनाऱ्यावरच्या नमुन्याचं नीट, मोजमापांसह वर्णन ही कामाची वस्तू आहे. बहुतेकांचा प्रवास इथेच संपतो आणि तो चांगला शेवट आहे.

पहिल्या खर्ड्यात लोक असं लिहितात: "शिंपला सुंदर, मोठा, रंगीत, काटे खूप आणि लांब." यावरून कुणालाही काहीही ओळखता येणार नाही. त्याऐवजी:

*"शिंपला मध्यम आकाराचा, उंची ६२ मिमी, लांबी ५७ मिमी, काटे वगळून. बाह्यरेषा गोलसर. उजवी झडप डावीपेक्षा खोल, टोकाजवळ २० मिमी रुंदीच्या भागाने चिकटलेली. डाव्या झडपेवर मुख्य बरगड्या ६; त्यांवरचे काटे जिभेच्या आकाराचे, टोकाशी बोथट, खालून पन्हळ असलेले, सर्वांत लांब ११ मिमी. मुख्य बरगड्यांमध्ये कडेजवळ ५ ते ७ बारीक बरगड्या, त्यांवर टोकदार बारीक काटे. आतली बाजू पांढरी. कड दातेरी, जांभळट पट्टा ३ मिमी रुंद."*

क्रियापदं जवळजवळ नाहीत, विशेषणं मोजकी, आणि प्रत्येक वाक्य दुसऱ्याला तपासता येतं. रंग सांगताना नमुना ताजा होता की उन्हातला, तेही लिहा. मग "तुलना" असा वेगळा परिच्छेद घ्या. सगळ्यात जवळच्या दोन-तीन जातींपासून हा कशात वेगळा आणि कशात सारखा. सारखेपणा लपवायचा नाही. लेख तपासणारा परीक्षक पहिल्यांदा तोच शोधतो.

९. आणि खरंच नवीन वाटली तर?

सगळं करूनही कुठल्याच वर्णनात बसत नाही, एकाच जागेचे अनेक नमुने तेच दाखवतात आणि तज्ज्ञांनाही नाव सांगता येत नाही, तर पुढे जा. एकट्याने नाही, या कुळावर काम केलेल्या कुणाला तरी सहलेखक म्हणून घ्या. डीएनए शक्य असेल तर करा. सीओआय, १६एस आणि २८एस हे जाती ताडून बघायला वापरले जाणारे डीएनएचे नेहमीचे तुकडे. जनुकपेढीतल्या, म्हणजे डीएनएच्या ऑनलाइन संग्रहातल्या, नोंदींशी ताडताना मात्र लक्षात ठेवा की तिथेही चुकीच्या नावाने टाकलेले नमुने असतात.

प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता, तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्या किमान अटी अशा:

- ही नवीन जात आहे असं लेखात स्पष्ट म्हटलेलं हवं.
- इतरांपासून वेगळं करणारी लक्षणं शब्दांत हवीत. नुसता फोटो चालत नाही.
- एक नमुना होलोटाइप, म्हणजे नावाचा आधार ठरणारा नमुना, म्हणून नेमून तो कुठल्या संग्रहात आहे, ते लिहिलेलं हवं. घरचं कपाट हा संग्रह नव्हे.
- लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर त्याची झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी आधी झालेली हवी आणि तसा उल्लेख लेखातच हवा.

नाव देताना व्याकरण सांभाळा. स्पाँडिलस पुल्लिंगी आहे, म्हणून विशेषण त्याच लिंगात: स्क्वामोसस, व्हेरियस. गावावरून द्यायचं तर शेवटी "एन्सिस". पुरुषाच्या नावावरून असेल तर शेवटी "आय" हे रोमन अक्षर, स्त्रीच्या नावावरून असेल तर "एई". स्वतःचंच नाव द्यायला संहिता मनाई करत नाही, पण लोक हसतात.

लेख छापून येईपर्यंत नाव कुठेही फोडू नका, ना ग्रुपवर, ना वर्तमानपत्रात. वर्णनाशिवाय बाहेर पडलेलं नाव ग्राह्य धरत नाहीत, आणि अर्धवट वर्णनासह छापून आलं तर गुंता आणखी वाढतो. पैसे भरले की आठवड्यात छापणारी नियतकालिकंही टाळा. सहलेखकाला विचारून नियतकालिक निवडा.

शेवटी नमुना जमा करणं. जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नवीन जातीची माहिती ठरवून दिलेल्या भांडारांना देणं आणि नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी झेडएसआय असं भांडार आहे. सोबत अर्ज, गोळा केल्याचं ठिकाण आणि तारीख, परवानगी लागली असेल तर तिची प्रत आणि चिठ्ठीची मूळ प्रत द्या, छायाप्रत नाही. पोच आणि नोंदणी क्रमांक मिळायला वेळ लागतो, तेव्हा हे काम लेखाच्या पहिल्या खर्ड्याबरोबरच सुरू करा. तो क्रमांक होलोटाइपसमोर लिहिल्याशिवाय लेख नियतकालिकाकडे पाठवू नका. "क्रमांक नंतर कळवतो" असं म्हणून पाठवलेला लेख बहुधा तसाच परत येतो.